वाचक विचारतात : आमची इन्स्पेक्टरबाई

गेल्या अंकात माझ्या पत्नीविषयी मी लिहिलेलं एक छोटं टिपण छापून आलं. ती कारखाने निरीक्षक होती, २०१२ साली निवृत्त झाली आणि गेल्या मार्गशीर्षात मूत्रपिंडाच्या आजाराने गेली, एवढंच त्यात होतं. त्या पाऊण पानावर सावंतवाडीपासून महाडपर्यंतची पत्रं आली. संपादकांनी ती सगळी माझ्याकडे पाठवली आणि फोन केला, "गुरुजी, या वेळचं सदर तुम्हीच लिहा." मी लगेच हो म्हटलं. तिच्याविषयी कुणी विचारलं की मला बोलावंसं वाटतं, आणि या पत्रांत नुसतं सांत्वन नाही, खरे प्रश्न आहेत. चारचौघांत मी तिला कायम 'ही' म्हणत आलो, इथेही तसंच लिहितो.

प्रश्न : कारखाने निरीक्षक आणि लेबर इन्स्पेक्टर एकच का? आणि आपल्या कोकणात असे कारखाने तरी कुठे, की त्यांना निरीक्षक लागावा? (गुहागर)

उत्तर : दोन्ही वेगळे. पगार, बोनस, किमान वेतन यांची तक्रार कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाते. हिचं खातं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. हाताशी १९४८ चा कारखाने अधिनियम आणि १९६३ चे महाराष्ट्र कारखाने नियम. यंत्राच्या फिरत्या भागाला जाळी आहे का, हवा खेळते का, संडास पुरेसे आहेत का, आठवड्याला ४८ तासांच्या वर काम घेतलं तर दुप्पट दराने पैसे दिले का, आग लागली तर माणसं कुठल्या दाराने बाहेर पडतील, हे सगळं तिने पाहायचं.

कारखाने कुठे म्हणता? लोटे-परशुरामला रसायनांचे आहेत, खडपोली, मिरजोळे, कुडाळला एमआयडीसी आहे, कशेडी घाट उतरून पलीकडे गेलात तर महाड आणि धाटाव. ते मोठे झाले. पण हिचा अर्धा जन्म गेला तो लहान कारखान्यांत. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराच्या आसपासचे बर्फाचे कारखाने, कोळंबी सोलून गोठवणारे, वेंगुर्ल्या-सावंतवाडीकडचे काजूचे, मे महिन्यात कॅनिंगच्या आंब्यावर रात्रंदिवस चालणारे, लाकूड कापायच्या गिरण्या. चिरेखाणी तिच्या अखत्यारीत येत नव्हत्या. तिथल्या बायका वाटेत अडवून गाऱ्हाणं सांगायच्या तेव्हा तिचा जीव तुटायचा.

कारखान्यात शिरली की ती आधी मालकाच्या केबिनमध्ये जात नसे. पिण्याचं पाणी कुठे आहे ते विचारायची. त्या कायद्याचं कलम १८ तेव्हा सांगायचं की पाण्याची जागा मोरी, मुतारी, संडास यांच्यापासून सहा मीटरच्या आत नको, आणि तिथे 'पिण्याचे पाणी' असं कामगारांना कळेल त्या भाषेत लिहिलेलं हवं. टेप बाहेर काढला की लोक बुजतात, म्हणून ती पावलांनी मोजायची. तिची आठ पावलं म्हणजे सहा मीटर. हे तिने आमच्या अंगणात टेप टाकून, पुन्हापुन्हा चालून पक्कं केलं होतं. ती म्हणायची, पाण्याची जागा बघितली की त्या कारखान्यात माणसाला काय किंमत आहे ते कळतं, मग यंत्रं बघायला मन तयार होतं.

बर्फाच्या कारखान्यातली एक गोष्ट सांगतो, कारण कोकणच्या प्रत्येक बंदरात बर्फाचा कारखाना आहे आणि शेजारी वस्ती आहे. लाद्या गोठवायला तिथे अमोनिया वापरतात. एखाद्या जोडातून तो बारीक झिरपत असेल तर वास खोलीभर कोंडतो, पण नेमका कुठून येतो ते नाकाला सापडत नाही. मग गंधकाची वात पेटवून एकेका जोडाजवळून हळूहळू फिरवायची. जिथे गळती असेल तिथे दाट पांढरा धूर उठतो. हे ती स्वतः उभी राहून करवून घ्यायची. आणि वाडीतल्या लोकांना सांगायची की कधी जोराचा वास आला तर तोंडावर ओलं फडकं धरा, कारण अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो, आणि वाऱ्याला आडवे पळा, वाऱ्याबरोबर पळू नका.

प्रश्न : मी १९८८ च्या सुमाराला एका काजू कारखान्यात बी फोडायला होते. इन्स्पेक्टरबाई आल्या आणि त्यांनी आम्हां सगळ्यांचे हात बघितले. त्यानंतर आम्हांला तेल, साबण आणि हातमोजे मिळाले, पुढे पाळणाघर झालं. माझी मुलगी त्या पाळणाघरात होती, आता ती नर्स आहे. बाई त्या दिवसाबद्दल घरी काही बोलल्या होत्या का? (वेंगुर्ले)

उत्तर : ताई, बोलली होती, पुष्कळ बोलली होती. तुमचं पत्र मी मुलांना फोनवर वाचून दाखवलं.

ही मालवण तालुक्यातली. काजूचं तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. लहानपणी मे महिन्यात परड्यात काजी भाजायच्या, त्या धुराने डोळे चुरचुरायचे आणि टरफलातलं तेल बोटांना लागलं की आठवडाभर कातडी सोलत राहायची. तिची आई हातांना राख चोळून बसायची. हौसेने वर्षातून दोनदा फोडणाऱ्याची ही गत, तर रोज दिवसभर बी फोडणाऱ्या बाईच्या हाताचं काय होत असेल, हे तिला कारखान्यात पाऊल टाकायच्या आधीच ठाऊक होतं. म्हणून तिने तुमचे हात बघितले. मॅनेजर पुस्तकी मराठीत सगळं व्यवस्थित असल्याचं सांगत होता, आणि ही मालवणीत एकेकीला म्हणत होती, "गो बाय, हात दाखव. ह्या केदवापासून असा?" कुणी हात पदराखाली घेतला तर ती आपला पुढे करायची आणि वाट बघायची.

पाळणाघराचं असं झालं. ज्या कारखान्यात तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतात तिथे त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळी, हवेशीर, स्वच्छ खोली आणि सांभाळायला शिकलेली बाई हवी, असं तेव्हा कलम ४८ म्हणायचं. अंगावर पिणारं मूल असेल तर आईला मधे पाजायला सोडायचं. हजेरीपटावर बायका होत्या २९. हिने हजेरीपट मिटला, बाहेर आली आणि दारातल्या चपला मोजल्या. ४६ जोड निघाले. आत सुकवणीच्या खोलीजवळ गोणपाटाची झोळी बांधून त्यात एक पोर निजवलेलं होतं. धुरात. ते तिने तीन ओळींत शेऱ्यात लिहिलं, पण घरी आल्यावर ते पोर कसं खोकत होतं हे ती रात्री उशिरापर्यंत सांगत होती. आमची धाकटी तेव्हा तान्ही होती, माझ्या मांडीवर झोपलेली.

पुढे कितीतरी वेळा ती त्या कारखान्यात गेली. खोली झाली, पण बाई नेमली नाही. बाई नेमली, तर खोलीत काजूची पोती. असं चालायचं. ती चिडून हात टेकणारी नव्हती. प्रत्येक वेळी नवी तारीख द्यायची आणि त्या तारखेला हजर व्हायची.

आणखी एक गोष्ट तुम्हांला सांगायची आहे. त्या कारखान्याची खबर कुणीतरी पोस्टकार्ड टाकून दिली होती. कार्ड कुणी टाकलं ते तिने मालकाला तर नाहीच, मलाही सांगितलं नाही. तक्रार करणाऱ्याचं नाव निरीक्षकाने उघड करायचं नाही, हा कामगार तपासणीच्या आंतरराष्ट्रीय करारातला दंडक आहे आणि भारताने तो १९४९ साली मान्य केलेला आहे. ही तो आपल्या आईने घातलेल्या शपथेसारखा पाळायची. कार्ड टाकणाऱ्या तुम्ही असाल तर ताई, तुमचं नाव आमच्या घराच्या भिंतींनाही कळलं नाही.

तुमच्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा. शेवटच्या वर्षी डायलिसिसला जायचो तेव्हा ही पलंगावर पडल्या पडल्या नर्सना विचारायची, "तुमची ड्यूटी किती तासांची? बसायला स्टूल देतात का?" एका मुलीचे हात जंतुनाशकाने फुटलेले दिसले, तर पुढच्या खेपेला घरून खोबरेल तेलाची बाटली घेऊन गेली.

प्रश्न : राग मानू नका, पण इन्स्पेक्टर म्हटला की पाकीट आलंच, असं आम्ही ऐकत आलो. तुमच्या घरी काय अनुभव? (राजापूर)

उत्तर : राग नाही. हिने कुणाचं काही घेतलं नाही. मे महिन्यात पडवीत हापूसच्या पेट्या येऊन पडायच्या, दिवाळीला काजूगराचे डबे. माणूस ठेवून पळून जायचा. माझ्या आईला सक्त सांगून ठेवलं होतं की पेटी उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. संध्याकाळी ही आली की नाव बघून ती एसटीच्या पार्सलने परत जायची, भाडं आमच्या खिशातलं, आणि पावती फाइलला. मुलं लहान, घरभर आंब्याचा घमघमाट, त्यांची तोंडं उतरायची. मग ही स्वतः बाजारात जाऊन आंबे घेऊन यायची आणि स्वतः चिरून द्यायची. सगळं खातं असं होतं असं मी म्हणणार नाही. तिच्या वाट्याला त्यावरून एक गैरसोयीची बदलीही आली. तिने सामान बांधलं आणि रुजू झाली.

प्रश्न : मी चिपळूणला एका कंपनीत सुपरवायझर आहे. पाळीचं काम, घरी दोन लहान मुलं. सासूबाई बोलतात, यजमान गप्प राहतात. तुमच्या घरी कसं चालायचं? कृपया खरं सांगा. (चिपळूण)

उत्तर : खरंच सांगतो. आमच्याकडे हे आपोआप झालं नाही.

ही कराडच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून मेकॅनिकलची पदवी घेऊन आलेली, १९७६ ची. तेव्हा त्या वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. नोकरी फिरतीची. पहाटेच्या लाल गाडीने जायची, आणि पावसाळ्यात परशुराम घाटात किंवा कशेडीत गाडी अडकली की परत कधी येईल ते सांगता येत नसे. तेव्हा घरात फोनही नव्हता. माझी शाळा साडेपाचला सुटायची, म्हणून संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आला आणि तो कायमचाच माझ्याकडे राहिला. कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला सुका बांगडा, हा आमच्या मुलांच्या लहानपणाचा वास आहे. आमची नातलग मंडळी यावर बोलली. मी त्यांना एवढंच सांगितलं की ती बाहेर माणसांचे हातपाय वाचवते आहे, मला भात शिजवायला जड नाही.

माझ्या आईचं मात्र वेगळं होतं. तिला हिचं फिरणं खपत होतं, पण कारखान्याला जाताना ही मंगळसूत्र काढून डबीत ठेवायची ते खपत नव्हतं. भरल्या घरातून मोकळ्या गळ्याने बाहेर पडणं आईला सोसवेना. एक दिवस आईने तसं बोलून दाखवलं. हिने उलट उत्तर दिलं नाही. ती आईच्या शेजारी जमिनीवर बसली आणि एका गिरणीत पट्ट्यात पदर गेलेल्या बाईची हकीकत तिने सांगितली. पट्टा कसा ओढत नेतो, यंत्र बंद करायची कळ त्या बाईपासून किती लांब होती, सगळं. आई ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने हिची कामाची दोन पातळं घेतली, पदराला आतून चार ठिकाणी हूक लावले, तसेच हूक झंपराला लावले, आणि ओढून बघितलं की पदर सुटतो का. मंगळसूत्राची डबी त्यानंतर आई स्वतः सांभाळायची. संध्याकाळी ही पाय धुऊन आत आली की आईच तिच्या गळ्यात घालायची.

मुलांना तिची उणीव भासली का? भासली. थोरल्याला टायफॉइड झाला तेव्हा ही एका अपघाताच्या चौकशीत दोन दिवस बाहेर होती. त्याला ते आजही आठवतं आणि तो ते बोलतोही. पण रविवार पूर्ण घरचा. आठवड्याची सुटी १० जून १८९० ला गिरणी कामगारांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या मागे उभं राहून मिळवली, ती वाया घालवायची नाही, असं ती मुलांना सांगायची. रविवारी शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, व्हायचे. शेवगा, म्हणजे शेवया पाडायचा साचा, दाबायला मुलं दोन बाजूंनी लोंबकळायची, आणि नारळाचा रस वाटीत ओतताना ती गाणं म्हणायची. तिचा आवाज फार गोड होता, हे कारखान्यांत कुणाला माहीत नसेल.

आईपण आणि नोकरी तिने वेगळ्या कप्प्यांत ठेवलीच नाही. आमच्या स्वयंपाकघरात ओट्याजवळच्या भिंतीवर अजून पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या आहेत, गॅसची नळी कधी बदलली त्याच्या. गणपतीत मूर्तीवर माटवी (फळापानांची आरास) बांधून झाली की दिव्यांच्या वायरी आधी ती तपासणार, मग आरती. धाकटी चौथीत होती तेव्हा तिला फ्यूज बदलता येत होता, पण त्याआधी मेन स्विच बंद केलाय हे मोठ्याने बोलायचं, असा नियम होता. धाकटी आता पुण्यात असते. तिच्या घरी मी गेलो तर तिचा मुलगा मिक्सरची पिन काढून मोठ्याने म्हणाला, "बंद!"

तुमच्या प्रश्नाला उत्तर हेच की सासूबाईंना तुमचं काम दाखवा. बहुतेक वेळा त्यांना ते काय असतं ते कुणी सांगितलेलंच नसतं. आणि यजमानांना हे पान वाचायला द्या. भाऊ, तुमच्या गप्प राहण्याचा भार तुमच्या बायकोवर पडतो आहे. रात्रपाळी असेल त्या दिवशी मुलांना जेवू घालणं तुमचं, हे तुम्ही स्वतःच्या तोंडाने आईसमोर म्हणा.

प्रश्न : मी केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला हे काम करायचं आहे. काय करावं लागेल? आणि त्यांना कधी भीती वाटली का? (खेड)

उत्तर : मुली, तुझ्या पत्राने मला फार आनंद झाला. पदवी हातात आली की लोकसेवा आयोगाच्या जाहिरातींवर लक्ष ठेव, संचालनालयाची पदं त्यातून भरतात. अभ्यासाला १९४८ चा कायदा मुळातून वाच. कायदे आता बदलले आहेत, २०२० ची व्यावसायिक सुरक्षेची संहिता नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी लागू झाली आहे, तीही वाच. पण जुना कायदा वाचल्याशिवाय नव्यात काय राहिलं आणि काय गेलं ते कळणार नाही. जुन्यातलं कलम ४१-ए ते ४१-एच नीट बघ. ही कलमं २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीनंतर, भोपाळनंतर, १९८७ साली घातली गेली. कारखान्यात कोणतं घातक रसायन आहे ते कामगाराला आणि आजूबाजूच्या वस्तीला सांगितलंच पाहिजे, आणि धोका दिसला तर कामगाराला तो बोलून दाखवायचा हक्क आहे, हे त्यात आलं. तू खेडची, लोटे तुझ्या उशाला. तुला याचं महत्त्व मी काय सांगू.

भीतीचं विचारलंस. यंत्राची, मालकाची, रात्रीच्या प्रवासाची भीती तिला नव्हती. एका गोष्टीने मात्र ती हलली होती. एका रासायनिक कारखान्यात टाकी साफ करायला एक मुलगा उतरला आणि आत कोसळला. त्याला काढायला दुसरा उतरला. दोघेही गेले. कलम ३६ प्रमाणे आतली हवा तपासून लेखी दाखला दिल्याशिवाय, नाहीतर श्वसनाचं साधन चढवून आणि कमरेला पट्टा-दोर बांधून त्याचं टोक बाहेरच्याने धरल्याशिवाय, टाकीत कुणी उतरायचंच नाही. तिथे यातलं काहीच नव्हतं. ती रात्री घरी आली, जेवली नाही, आणि मला म्हणाली, "दुसरा त्याचा मित्र होता. तो चांगुलपणाने मेला." पंचनामा, साक्षी, खटला, सगळं तिने तडीस नेलं, आणि दोन्ही घरच्यांना १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखाली भरपाई कशी मागायची तेही समजावून दिलं. पण ते वाक्य तिच्या मनातून गेलं नाही.

म्हणून निवृत्तीनंतर ती विहिरींच्या मागे लागली. रत्नागिरीकडच्या पावस गावाजवळच्या आमच्या गावात आणि आसपास, पावसाच्या तोंडावर विहीर उपसायचे दिवस आले की ती वाड्यावाड्यांतून फिरायची. डिझेलचा पंप विहिरीत उतरवून चालवायचा नाही. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तळाशी कोंडतो, त्याला रंग नाही, वास नाही. लोक कंदील सोडून बघतात. कंदील विझला तर प्राणवायू कमी आहे हे कळतं, पण विझला नाही म्हणजे विहीर निर्धोक, असं नाही. हा वायू कंदिलाला कळत नाही. आणि आत कुणी पडला तर पाठोपाठ उडी टाकायची नाही, आरडाओरडा करायचा, वरून दोर आणि माणसं जमवायची, अग्निशमनला बोलवायचं. पोरांना ती तोंडपाठ म्हणायला लावायची. तू निरीक्षक होशील तेव्हा होशील, एवढं तुझ्या वाडीत आजच सांग.

प्रश्न : १९९४ साली बाईंनी माझ्या सॉ मिलवर खटला भरला होता, पट्ट्याला जाळी नव्हती म्हणून. दंड भरला तेव्हा राग आला होता. जाळी बसली आणि त्यानंतर माझ्याकडे कुणाचं बोट गेलं नाही. त्यांच्या नावाने काही द्यायचं आहे, काय देऊ? (लांजा)

उत्तर : घरी काही पाठवू नका, ती परत पाठवायला आता नाही. तिच्या मनात एक काम राहून गेलं होतं. आंगणेवाडीच्या जत्रेला ती दरवर्षी माहेरी जायची आणि रसवंतीच्या चरकापाशी थांबायची. ऊस आत सारताना हात जिथे जातो तिथे पत्र्याचं झाकण असलं तर बोटं वाचतात, खर्च अगदी थोडा. काही रसवाल्यांनी तिच्या सांगण्यावरून ते बसवलं, पुष्कळांचं राहिलं. तुमच्याकडे कामाची माणसं आहेत, पत्रा कापायची हत्यारं आहेत. तुमच्याच तालुक्याच्या जत्रेपासून सुरुवात करा. मी मापं पाठवतो, तिच्या वहीत चित्रासकट आहेत.

प्रश्न : माझी पत्नी जाऊन तीन महिने झाले. ती मासळी बाजारात बसायची. तिच्या वस्तू घरात आहेत तशाच आहेत. सून म्हणते आवरूया. मला हात लावू देववत नाही. तुम्ही काय केलंत? (हर्णै)

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी सगळ्यांत शेवटी घेतलं कारण ते वाचून मला पहिल्यांदा काही सुचेना.

मी काय केलं ते सांगतो. पातळं धाकटीने आणि सुनेने वाटून घेतली. हूक लावलेली ती दोन मात्र मी दिली नाहीत. तिचे जाड तळव्याचे बूट गावातल्या एका मुलीला बरोबर झाले, ती मिरजोळ्याला कामाला जाते, ती ते घालते. रस्त्यात ती दिसली की माझी नजर आधी तिच्या पायांकडे जाते, आणि मला बरं वाटतं. तिचं हेल्मेट खुंटीवर आहे. सरकारी कागद तिने निवृत्तीच्या दिवशीच कचेरीत जमा केले होते. तिच्या स्वतःच्या वह्या आहेत, त्या मी रोज थोड्या वाचतो. बारीक, उभं अक्षर. परवा एक नोंद वाचली : "कटर नं. ४, जाळी सैल. बाई गरोदर, सकाळपासून उभी. स्टूल द्यायला सांगितलं, कलम ४४. स्टूल येईपर्यंत थांबले." किती वेळ थांबली ते लिहिलेलं नाही. मला ती तिथे उभी असलेली दिसते. ह्या वह्या मी कुणाला देणार नाही, माझ्यामागे मुलं बघतील.

तेव्हा आवरायची घाई करू नका आणि सूनबाईंवर रागावूही नका. तरुण माणसाला रिकाम्या खोलीची भीती वाटते, आपल्याला भरलेल्या खोलीचा आधार वाटतो. एक फडताळ तुमचं म्हणून मागून घ्या, त्याला कुणी हात लावायचा नाही. बाकीचं सूनबाईंबरोबर बसून, एकेक वस्तू हातात घेऊन, ती कुठून आली, कधी घेतली ते त्यांना सांगत सांगत आवरा. त्यांची पाटी, कोयता, तराजू वापरात राहील अशा कुणाला तरी द्या. बाजारात त्यांच्या जागेवर आता कोण बसतं ते मला कळवा, शेजारच्या बायका त्यांच्याबद्दल काय बोलतात तेही कळवा. घरच्यांना माहीत नसलेलं पुष्कळ त्यांना माहीत असतं, हे मला या महिन्याच्या पत्रांनी शिकवलं.

संपादकांकडून तुमचा पत्ता घेतला आहे. शिमगा झाला की मी दापोलीला भाचीकडे जाणार आहे, तेव्हा हर्णैला उतरेन. संध्याकाळच्या लिलावाच्या वेळेला बंदरावर येतो. मी माझ्या घरचं इथे पुष्कळ सांगितलं, तेव्हा तुमच्या मंडळींचं तुम्ही मला सांगा.